मोकाशींच्या बंदुकीचं साल

“मग मी कोणत्या सालचा?” मोकाशींनी विचारलं.



दस्तगीर उस्ताद हातातली कानस फडक्यानं पुसत होते. ती केव्हाच पुसून झाली होती, तरी पुसत होते. गजेंद्र वही उघडी धरून बसला होता. मी कोपऱ्यात बंदुकीचा एक लाकडी दस्ता घासत होतो. मी हात थांबवला.

दुकान मिरजेत होतं. दोन्ही बाजूंनी तंबोरे करणारे. त्यांचे भोपळे आमच्या पायरीपर्यंत वाळत पडलेले असायचे. त्यांच्याकडं दिवसभर तारा वाजायच्या. आमच्याकडं महिना महिना काही वाजत नसे. बंदुका दुरुस्त करून घेणारी माणसं कमी होत गेली होती. यायची ती बहुतेक जमा करायला यायची.

मोकाशीही जमा करायलाच आले होते.

सर्जेराव मोकाशी. शिराळ्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. साठी ओलांडलेली. डोळ्यांत पांढुरकं उतरलेलं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लायसन आता पुन्हा करायचं नाही, बंदूक दुकानात ठेवून घ्या, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मग पाणी मागितलं. तांब्या दोन्ही हातांनी धरून प्यायले.

बंदूक पाच बारांची होती. आमच्या भागात तिला आटोमॅटिक म्हणतात. एक बार उडाला की त्याच्याच धक्क्यानं नळी मागं सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, नवं आपोआप आत येतं. माणसानं नुसता चाप ओढायचा. अशी बंदूक तेव्हा पंचक्रोशीत एखादीच असायची.

गजेंद्रनं रजिस्टर काढलं. नाव, गाव, लायसन, बंदुकीचा नंबर. मग एक रकाना होता, बनावटीचं साल.

तिथं मोकाशी म्हणाले की तेवढं नीट बघून सांगा. मला त्याचं काम आहे.

काय काम, ते त्यांनी हळूहळू सांगितलं.

त्यांचे वडील आनंदराव त्यांना म्हणायचे, तू जन्मलास त्याच आठवड्यात ही बंदूक घरात आली. कोरी. तुझ्या नावानं मी अंगणात हिचे पहिले दोन बार काढले. तू आणि ती एका वयाची.

गाव मात्र वेगळं म्हणायचं. गाव म्हणायचं, आनंदरावाला पोर झालंच नाही. तीन वर्षांचं असताना कुठूनसं आणलं. चालत आलं ते.

शाळेतली पोरं सर्जेरावांना ‘चालत आलेला’ म्हणूनच हाक मारायची. मोठेपणी तोंडावर कुणी म्हणत नसे. पण लग्नात, मयतात, भावकीच्या पंगतीत कुणीतरी दुसऱ्या कुणाच्या तरी कानाला लागायचं, आणि यांना कळायचं की काय बोलणं झालं.

वडिलांना कधी विचारलं का, असं उस्तादांनी विचारलं.

नाही, म्हणाले. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, की माझा विश्वास नाही.

“आता विचारायला माणूसच उरलेलं नाही,” मोकाशी म्हणाले. “माझ्या जन्माला हजर असलेलं हे एकच. हिला विचारा.”

गजेंद्रनं बंदूक मांडीवर घेतली.

गजेंद्र पांचाळ म्हणजे आमच्या दुकानाचा हुशार माणूस. तिशीचा. आयटीआय करून उस्तादांच्या हाताखाली आला त्याला सात वर्षं झाली होती. देशोदेशीच्या बंदुकांवरचे शिक्के, कोणत्या अक्षराला कोणतं साल, कोणत्या नंबरापासून कोणता नंबर कुठल्या वर्षी निघाला, सगळं त्यानं एका वहीत उतरवलेलं. कुठला भाग कुठल्या बंदुकीला चालतो तेही त्यात होतं. उस्तादांना वाचता येत नव्हतं. मलाही नाही. त्यामुळं ती वही त्यानं उघडली की आम्ही दोघं गप्प व्हायचो. त्याला ते आवडायचं. का आवडू नये?

त्यानं नळीवरचा शिक्का पुसला. भिंग लावलं. एक बारीक अक्षर होतं. वहीत बोट फिरवलं.

“छप्पन्न,” तो म्हणाला. “छप्पन्नच्या आधीची ही बंदूक असूच शकत नाही.”

मोकाशी म्हणाले, की वडील त्रेपन्न सांगायचे.

गजेंद्रनं सांगितलं, की माणसं सांगतात. म्हाताऱ्या माणसांची सालं सरकतात. अक्षर सरकत नाही.

“लोखंड खोटं बोलत नाही, काका,” तो म्हणाला.

छप्पन्नातून त्रेपन्न. तीन वर्षं.

गावाचं म्हणणं बरोबर तीन वर्षांचंच होतं.

ते गजेंद्रच्या ध्यानात आलं नाही. मोकाशींच्या आलं. माझ्याही आलं. मोकाशींनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, जसं काही कुणी वारल्याचं कळलं होतं. आणि मग त्यांनी ते विचारलं.

“मग मी कोणत्या सालचा?”

…

उस्तादांनी कानस खाली ठेवली.

“उघड,” ते गजेंद्रला म्हणाले.

गजेंद्र म्हणाला, की साल तर सापडलं.

“उघड.”

त्यानं बंदुकीची पुढची टोपी फिरवून काढली, नळीखालचं लाकूड उतरवलं. आतली मोठी कमान, म्हणजे स्प्रिंग, दिसली, आणि धक्का सोसणारी पितळी कडी. कडी पाहून गजेंद्र म्हणाला की ही नंतरची आहे, कुणीतरी हातानं केलेली. उस्ताद हं म्हणाले. ही कडी आपण झिजते आणि बंदुकीला फुटू देत नाही. प्रत्येक आटोमॅटिकला ती कधीतरी बदलावी लागते.

“नळी काढ. पालथी कर.”

नळीच्या बुडाशी, जिथं ती लाकडाखाली झाकलेली असते, तिथं तीन टिंबं ठोकलेली होती. सुईच्या टोकाएवढी. एका ओळीत.

ती मी लांबून ओळखली. उस्तादांचे वडील जो भाग बदलायचे त्यावर अशी तीन टिंबं मारायचे. नाव लिहिता येत नव्हतं म्हणून.

उस्तादांनी गजेंद्रला एवढंच सांगितलं, की ही नळी बंदुकीबरोबर आलेली नाही. कधी चिखल भरून जुनी फुगली असेल. नवी इथंच बसवली. तू नळीचं वय वाचलंस. आता मधल्या पेटीचा नंबर बघ. पेटी कुणी बदलत नाही. तिच्यावरच तर लायसन असतं.

नंबर त्यानं मघाशीच रजिस्टरात उतरवला होता. आता वहीतली दुसरी यादी काढली. बोट बराच वेळ एका जागी राहिलं. त्याचे कान तांबडे झाले.

“बावन्न,” तो म्हणाला. अगदी हळू.

मोकाशींनी मान वर केली. बावन्न साली बनली, त्रेपन्नला घरात कोरी आली. वडिलांचं जुळत होतं. त्यांचा चेहरा उजळला, आणि मला बरं वाटलं. वाटलं, झालं, आता चहा सांगावा.

“म्हणजे वडील खरंच सांगत होते,” मोकाशी म्हणाले.

उस्ताद त्यांच्याकडं बघत राहिले.

“बंदूक बावन्नची,” ते म्हणाले. “ते तिनं सांगितलं. तुमचं तिनं कुठं काय सांगितलं?”

उस्तादांनी पेटीवर बोट टेकवलं.

“लोखंड खोटं बोलत न्हाई. पण ते आपलंच बोलतं, मोकाशी. दुसऱ्याचं न्हाई.”

उजळलेला चेहरा पुन्हा विझला. खरं होतं उस्तादांचं. बंदूक त्रेपन्नला आली असेल आणि पोर छप्पन्नला आलं असेल. बाप दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगू शकतो. मला तेव्हा उस्तादांचा राग आला. एवढ्या लांबून आलेल्या एकट्या माणसाच्या हातात कुणी काही ठेवावं, आणि लगेच काढून घ्यावं, हे बरं नव्हे.

मोकाशी उठायला लागले. म्हणाले, ठेवून घ्या. साल काय वाटेल ते लिहा.

“बसा,” उस्ताद म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “बाळकू, काच घे.”

मी काचेच्या तुकड्याकडं बघितलं. लाकडावरचं जुनं पॉलिश आम्ही काचेनं खरवडतो. पण मी तुकडा उचलला नाही.

बंदूक आवरणातून बाहेर आली तेव्हाच मी दस्ता ओळखला होता. आपण केलेलं काम माणूस ओळखतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मी एका माणसाला शब्द दिलेला होता.

उस्तादांना ते ठाऊक होतं.

“ज्याला शब्द दिलास तो गेला,” ते म्हणाले. “ज्याच्यापासनं लपवलंस तो म्हातारा झाला. आता कशाला ठेवतोस?”

मी दस्ता मांडीवर घेतला. खालच्या बाजूनं, खांद्याला टेकणाऱ्या टोकाजवळ, अंगठ्याएवढी पट्टी खरवडली. काळपट लाख निघाली. खाली अक्रोडाचं लाकूड दिसलं. पुढं सरकलो. मग अक्रोड संपला आणि तांबूस लाकडाची एक चकती लागली. मग दुसरी. मग तिसरी. एकापुढं एक चिकटवलेल्या पाच चकत्या, आणि शेवटाला लोखंडी पट्टी.

उस्तादांनी मोकाशींचा हात धरून त्यांचं बोट तिथं नेलं. मोकाशींना नीट दिसत नव्हतं. त्यांनी नखानं सांधे मोजले.

“पाच,” ते म्हणाले. “काय आहे हे?”

उस्तादांनी मला सांगायला लावलं. मला बोलता येत नाही फारसं. जसं आलं तसं सांगितलं.

तेव्हा मी बाविशीचा होतो. आनंदराव मोकाशी बंदूक घेऊन आले, म्हणाले दस्ता कापायचा. मी म्हणालो, असला दस्ता इथं मिळत नाही, कापला की गेला. म्हणाले, काप. खिशातून सुतळीचा एक तुकडा काढला. दोन गाठी मारलेल्या. कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंतचं माप. बारीक माप होतं, बारा वर्षांच्या पोराचं. दस्त्याच्या पोटात कमानीची नळी असते, तिला धक्का न लावता जेवढं कापता आलं तेवढं कापलं. बारा सूत. म्हणजे दीड इंच.

पुढच्या वर्षी, भात पोटऱ्यात यायच्या सुमाराला, पुन्हा आले. नवी सुतळी. पोराचा हात वाढला होता. मी तीन सुताची चकती लावली. शेजारी तंबोऱ्याच्या दांड्या करताना तुनाच्या लाकडाचे तुकडे पडायचे, त्यातलाच एक घेतला.

असे ते पाच वर्षं आले. तीन सूत, दोन सूत, तीन सूत, दोन सूत. शेवटच्या वर्षी दोन. सगळे मिळून पुन्हा बारा झाले.

मी एकदा म्हणालो होतो, की सुतळ्या कशाला आणता, पोरालाच आणा, नीट माप घेतो. नको म्हणाले. वरनं गडद लाख मार, सांधा दिसता कामा नये, असंही सांगितलं. कुणाला बोलायचं नाही, पोराला तर नाहीच.

का, ते मी विचारलं होतं.

ते म्हणाले होते, “पोराला वाटू दे, बंदूक हाय ती त्याच्याच मापाची.”

एवढं सांगून मी थांबलो.

मोकाशींचं नख पहिल्या सांध्यापासून पाचव्यापर्यंत जात होतं आणि परत येत होतं.

मग उस्तादांनी विचारलं, की वडिलांचा ओठ कसा होता.

मोकाशींना आधी कळलं नाही. मग म्हणाले, फुटलेला असायचा. रानडुकरांपासून भाताच्या राखणीला आम्ही दोघं माचाणावर बसायचो. एक बार ते काढायचे, एक मला काढू द्यायचे. त्यांनी बार काढला की ओठ फुटायचा. दर वेळी. मला कधी काही लागलं नाही. मी हसायचो त्यांना. म्हणायचो, आबा, तुम्हाला बंदूक धरताच येत नाही.

“मग आबा काय म्हणायचे?”

“म्हणायचे, लाथ मारती रं मला. तुझ्यासारखं मला कुठं जमतंय.”

आखूड दस्ता मोठ्या माणसानं खांद्याला लावला, की धक्क्यानं स्वतःचाच अंगठा तोंडावर येऊन बसतो. हे आमच्या धंद्यातलं कुणालाही ठाऊक असतं. गजेंद्रलाही ठाऊक होतं. त्यानं वही मिटली.

मोकाशींना कुणी समजावून सांगितलं नाही. त्यांनी बंदूक मागितली. गजेंद्रनं नळी, कडी, कमान सगळं परत बसवून दिलं. मोकाशींनी ती उभं राहून खांद्याला लावली, भिंतीकडं तोंड करून. रिकामीच. गाल दस्त्यावर टेकवला. अंगठा नाकापासून चांगला चार बोटं लांब राहिला.

तसेच उभे राहिले.

बाहेर कुणीतरी तार जुळवत होतं. एकच सूर पुन्हा पुन्हा. जुळत नव्हता.

खांद्यावरून बंदूक उतरवायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी ती गजेंद्रच्या हातात दिली. रजिस्टरात सही केली. सालाचा रकाना मोकळाच होता. त्याचं त्यांनी काही विचारलं नाही.

उस्तादांनी जेवून जा म्हटलं. ते म्हणाले, शेवटची एसटी चुकेल. घरी कुणी वाट बघत नाही, पण कुत्रं आहे.

बंदुकीचं आवरण मात्र नेतो, म्हणाले. त्याची घडी केली, काखेत धरली. पायरी उतरून वाळत घातलेल्या भोपळ्यांमधून पाय सांभाळत, एक हात पुढं धरून गेले. एका भोपळ्याला पाय लागला तेव्हा थांबून वाकले आणि त्याला हात लावून नमस्कार केला.

दिसेनासे होईपर्यंत आम्ही तिघंही बघत होतो.

गजेंद्रनं रकान्यात बावन्न लिहिलं. टिपकागद दाबला. बंदुकीला चिठ्ठी बांधली आणि कपाटात उभी केली. अशाच जमा झालेल्या अकरा बंदुका तिथं होत्या. त्यातली एकही परत न्यायला कुणी आलेलं नव्हतं.

मग तो उस्तादांच्या समोर येऊन बसला. त्याला काहीतरी टोचत होतं. सात वर्षांत पहिल्यांदाच नळी पालथी करायला विसरला होता. पण ते नसावं.

उस्तादांची बायको लवकर गेली होती. घर म्हणजे दुकानामागची एक खोली. गजेंद्र आला तेव्हापासून दुपारचा डबा दोघंजण त्या खोलीत खायचे. आणि त्या दिवाळीनंतर गजेंद्र पुण्याच्या मोठ्या दुकानात जाणार होता. त्यानं सांगितलं होतं. उस्तादांनी बरं म्हटलं होतं.

“उस्ताद,” तो म्हणाला.

“बोल.”

“सगळं बघितलं मी. कळलं मला. पण तरी … खरं काय? तो त्यांचा पोटचा होता, का आणलेला?”

उस्ताद आपल्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं हात पसरला. काय हवं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मी खिळ्यावरची सुतळी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

त्यांनी तिचं टोक शोधलं. एक गाठ मारली.

“हात वाकव,” ते गजेंद्रला म्हणाले. “बघू किती वाढलास.”